सहा नंबरच्या खोलीतले डावे हात

आमच्या व्यवस्थापकांनी, सर रोमेलनी, तो कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी उकडलेलं रताळं सोलत होते. सहा नंबरच्या खोलीतला इंग्रजी वाक्प्रचारांचा वर्ग सोमवारपासून ट्रॅव्हिस नावाचा अमेरिकन घेणार आणि मी त्याची मदतनीस, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझ्या सहीसाठी रेघ मारलेली.

"पगार तोच राहील, मॅम विल्मा," ते म्हणाले. "आपल्या मालकांना, मिस्टर प्योंना, जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस हवाय. जाहिरातीत फोटो शोभतो."

"आणि माझा शोभत नाही."

"मनाला लावून घेऊ नका. पण बूनडॉक्समधून आलेली बाई इंग्रजीचे बारकावे शिकवते म्हटल्यावर तिकडे कोरियात, सोलमधले लोक काय म्हणतील?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बूनडॉक्स म्हणजे इंग्रजीत आडरान, मागासलेला मुलूख. पण शब्द मुळात इंग्रजी नव्हेच. इथे फिलिपिन्समध्ये, तगालोग भाषेत, डोंगराला बुंदोक म्हणतात. आमच्याशी लढायला आलेल्या अमेरिकन शिपायांनी तो इथून उचलून घरी नेला. मनिलात वाढून नाकातून अमेरिकन बोलणाऱ्या या माणसाला आपल्याच आईच्या भाषेतला शब्द ओळखू येऊ नये, याची मला चीड आली.

"सही करणार नाही," मी म्हटलं, आणि अर्धं रताळं त्यांच्यापुढे केलं. कितीही राग आला तरी समोरच्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी घास तोंडात घालत नाही.

"पोट भरलंय," ते म्हणाले. "मग शुक्रवारी मिस्टर प्योंसमोर दोघांनी शिकवून दाखवा. ज्याचं चांगलं त्याची खोली."

डोंगरावरच्या बागियोतल्या या संस्थेत एकोणीस वर्षं झाली मला. कोरियाहून लोक तीन-तीन महिन्यांसाठी येतात आणि इंग्रजीशी झटापट करतात. प्रत्येक वाक्प्रचारासाठी माझा एक तपकिरी मनिला पेपर आहे. शब्द कुठून निघाला, वाटेत कुणाच्या घरी राहिला, इथवर कसा आला, ते सगळं त्यावर. पाठ करून ही भाषा येत नाही. मी ती पायरी पायरीनं चढून आलेय, म्हणून कुठल्या पायरीवर पाय घसरतो ते मला ठाऊक आहे.

माझ्या वर्गात मिस्टर गू होते, देगूचे निवृत्त बस-मेकॅनिक, वय चौसष्ट. शिकागोतल्या नातीला कोरियन येत नाही, म्हणून ते इंग्रजी शिकत होते. दोन महिन्यांत इंग्रजी बेताचंच आलं, पण बोट न दाखवता ओठ पुढे काढून दिशा दाखवायला मात्र ते आमच्यासारखेच शिकले. एकदा त्यांनी विचारलं होतं, "मॅम, गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर. मग गिव्ह अप म्हणजे सोडून देणं कसं?"

"हा फार जुना शब्द आहे," मी सांगितलं. "आधी किल्ला शत्रूच्या हवाली करायचा झाला तर म्हणत. सवयी सोडायला तो नंतर लागला."

"मग मी सिगारेट सोडली ती कुणाच्या हवाली केली?"

"बायकोच्या."

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

गुरुवारी सर रोमेलनी माझ्याच वर्गाकडून ट्रॅव्हिसच्या धड्याची तालीम करून घेतली. आमच्याकडे साहेब वर्ग बघायला येणार म्हटलं की ही तालीम ठरलेलीच. प्रश्न आधीच सांगून ठेवायचे. उत्तर येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. हात सगळ्यांचे वर, विचारायचं फक्त उजव्यांना, आणि साहेब खूश. सरकारी शाळेत अकरा वर्षं मीही हे केलं आणि मला त्याची लाज वाटते. म्हणून सहा नंबरमध्ये मी नियम उलटा केला. डावा हात दिसला की आधी त्याला विचारायचं. वर्ग त्याच्यासाठीच असतो.

"तुम्हीही तालीम घ्या, नाहीतर तोंडघशी पडाल," सर रोमेल म्हणाले.

"पडेन."

शुक्रवारी आधी ट्रॅव्हिस उभा राहिला. पोरगा वाईट नव्हता, कपाळावर घाम होता त्याच्या. त्यानं पहिला प्रश्न विचारताच सहाच्या सहा हात वर गेले. सर रोमेल दारात उभे राहून मान डोलावत होते. ट्रॅव्हिस कुणाचं नाव घेणार तोच मिस्टर प्यो म्हणाले, "त्यांना विचारा," आणि त्यांनी मिस्टर गूंकडे बघितलं.

मिस्टर गू उभे राहिले. "मला येत नाही."

"मग हात कशाला वर केलात?"

"हा डावा आहे, सर. येत नसेल तर डावा करा, असं काल सर रोमेलनी सांगितलं." मग त्यांनी ओठ पुढे काढून मला दाखवलं. "मॅम डाव्यालाच आधी विचारतात, म्हणून मला वाटलं, आज माझाच नंबर."

हे भोळेपणानं बोलले की मुद्दाम, मला अजून कळलेलं नाही. मिस्टर प्योंनी सगळ्यांना हात पुन्हा वर करायला लावले. सहांपैकी चार डावे निघाले. मग ते माझ्याकडे वळले.

"तुमची तालीम कशी झाली?"

"झालीच नाही. माझे लोक अडखळतील. बघायचं असेल तर बघा."

मी गिव्ह अपचा कागद फळ्यावर चिकटवला. लोक अडखळले, एकमेकांशी भांडले, एक बाई तर कोरियनमध्येच चिडली. किल्ल्याची गोष्ट मिस्टर गूंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली आणि सिगारेटपाशी सगळा वर्ग हसला. मिस्टर प्यो हसले नाहीत.

"आणि तरीही मी खोली ट्रॅव्हिसला दिली तर?"

"खोली तुमची आहे, सर. वर्ग मी कुणाच्या हवाली करणार नाही. काढायचं तर काढून टाका, पण सही मिळणार नाही."

मिस्टर प्योंनी टेबलावरचा तो सहीचा कागद उचलून चार घड्या घातल्या आणि सर रोमेलच्या खिशात सारला. "सोमवारी नेहमीच्या वेळेला, मॅम विल्मा," ते म्हणाले.

मी फळ्यावरचा कागद सोडवायला लागले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. डावा. ट्रॅव्हिसचा होता.

"मॅम विल्मा, माझी आजी बूनडॉक्समधली, असं आम्ही घरी म्हणतो. हा शब्द कुठून आला, मला माहीत नाही."

माझे दोन्ही हात कागदात अडकलेले होते. मी ओठ पुढे काढून खिडकीबाहेरचा डोंगर दाखवला. सगळ्यांनी तिकडे मान वळवली, दारात उभ्या असलेल्या सर रोमेलनीही.