ओथाच्या उशाचा दगड

मे महिन्यातल्या त्या रविवारी प्रार्थना आटोपून वर्डेल गेन्स कुदळ आणि बादली घेऊन कब्रस्तानात गेली. वर्षातून एकदा साऱ्या गावाने आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायच्या, ही मिसिसिपीतल्या त्या खेड्याची जुनी रीत. नवरा ओथा जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्याच्या उशाशी दफनवाल्यांनी खोचलेला नावाचा पत्राच होता. आज मात्र तिथे काळाभोर ग्रॅनाइट उभा होता. त्यावर ओथाचं नाव, आणि खाली कोरलेला फुटबॉल.

वर्डेल मटकन खाली बसली. "देवा! चर्चच्या मंडळींनी केलं गं बाई हे!"

"चर्चचं छप्पर गळतंय, आई. ते कुठून करणार?" तिचा मुलगा डेमरियस म्हणाला. तो कॉलेजच्या फुटबॉल संघातला नावाजलेला खेळाडू. खेळाच्या शिष्यवृत्तीवरच त्याचं शिक्षण चाललं होतं. "कोणी बसवला ते विचारू या."

"गप रे! मेलेल्यासाठी गुपचूप दान करणाऱ्याचं नाव आपल्यात कोणी विचारतं का?" असं म्हणून तिने ओल्या फडक्याने दगड पुसला. तिची चूक काय ती एवढीच.

ऑगस्टमध्ये तो दगड बसवणारा स्वतःच आला आणि ओसरीवरच्या ओथाच्या खुर्चीत न विचारता बसला. नाव रॅफर्टी, व्यावसायिक संघांशी खेळाडूंचे करार जुळवणारा एजंट.

"दगड आवडला ना, वर्डेलबाई? आता पोराला सांगा, मोठ्या संघात जाताना सही आमच्याकडेच करायची."

डेमरियस दारातूनच म्हणाला, "मी सही करणार नाही. निघा तुम्ही."

"निघतो की. दगड राहू दे. तो पुसतानाचा तुमचा फोटो आहे माझ्याकडे."

आठवडाभरात तो फोटो वर्तमानपत्रात झळकला. वर मथळा होता, 'लाचखाऊ खेळाडू'.

कॉलेजात खेळाडूंचे नियम सांभाळणाऱ्या हॉलोवेबाईंनी डेमरियसपुढे एक कागद सरकवला. "खेळाडूला वा त्याच्या घरच्यांना एजंटकडून काहीही घ्यायला बंदी आहे. दगड कोणाचा ते मला ठाऊक होतं, असं कबूल कर आणि त्याची किंमत भर. चार सामने बाहेर बसलास की सुटलास. नाहीतर शिष्यवृत्ती गेली म्हणून समज."

"आणि रॅफर्टी?" वर्डेलने विचारलं.

"तो आमचा विद्यार्थी नाही. आमचे नियम त्याला लागू होत नाहीत."

"म्हणजे चोर मोकळा आणि बेड्या घरमालकाला! बाई, माझ्या पोराच्या नंबराचे सदरे तुमच्या दुकानात टांगलेत. ते विकताना कुठे जातात हो तुमचे नियम?"

हॉलोवेबाईंनी कागदावर पेन ठेवलं.

डेमरियसने पेन उचललं. वर्डेलचा जीव टांगणीला लागला. एका सहीने पोराचं शिक्षण वाचणार होतं, आणि क्षणभर त्याने ती करावी असं तिला वाटलंही.

"मला ठाऊक नव्हतं, मॅडम," पेन खाली ठेवत तो म्हणाला. "बापाच्या कबरीवरून मी खोटं बोलणार नाही."

पहिल्या सामन्याच्या शनिवारी मायलेकांनी पहारीने दगड उपटला, ट्रकवर घातला आणि कॉलेजच्या कचेरीच्या पायरीवर आणून ठेवला. पाठीमागच्या बाजूला वर्डेलने खडूने लिहिलं: 'याचा मालक शोधा.' ओथाच्या उशाशी पुन्हा तोच पत्रा आला.

मैदानाकडे निघालेली गर्दी दगडाला वळसा घालून जात होती. "हाच तो लाचखाऊ," डेमरियसकडे बघत एक जण पचकन थुंकून म्हणाला. त्याच्या अंगात डेमरियसच्याच नंबराचा सदरा होता.

त्याच दुपारी, दोन गावं पलीकडे, रॅफर्टी दुसऱ्या एका आईच्या ओसरीवर बसून तिच्या पोराचं तोंडभर कौतुक करत होता. त्याला कोणीही काही विचारलं नाही.