कोरडा रुमाल

मी प्रज्ञेशच्या थोबाडीत मारली तेव्हा आत आनंदच्या मणक्याचं ऑपरेशन चाललं होतं. तो पुन्हा उभा राहील की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. दुसऱ्या फटक्याला प्रज्ञेशचा ओठ फुटला. तिसऱ्याला त्याचं डोकं हॉस्पिटलच्या पार्किंगमधल्या खांबावर आपटलं आणि वॉचमन धावत आला. मला थांबायचं नव्हतं.

आमच्या ग्रुपचा नियम साधा. पाऊस पडून गेला की कातळाला दोन दिवस ऊन खायला द्यायचं, आणि चढाईच्या आदल्या दिवशी कुणीतरी कड्याखाली जाऊन भेगेत रुमाल कोंबायचा. ओला निघाला तर बेत रद्द. कोरडा निघाला तर त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, मग म्होरक्या म्हणून मी होकार द्यायचा. मोबाईलवरच्या हवामानाच्या अंदाजावर आमचा काडीचा विश्वास नाही. वरून वाळलेला कातळ आतून पाझरत असतो.

या शनिवारी पाळी प्रज्ञेशची होती. विश्रांतवाडीहून एवढ्या लांब जायचा साहेबांना कंटाळा आला. त्यांनी गेल्या वर्षीचाच फोटो टाकला. मी होकार दिला. रविवारी सकाळी आनंद चाळीस फूट चढला आणि त्याने भेगेत बोटं घातली. आत शेवाळ होतं. तो सुटला, दोराच्या हिसक्याने कातळात ठोकलेली मेख उपटून आली आणि तो पाठीवर दगडात आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी खाली दोर धरून ऐकला.

वॉचमनने मला मागून आवळलं. प्रज्ञेश रक्त पुसत जवळ आला.

"दादा, तो फोटो तुम्हीच काढलेला. रुमाल धरलेला हात तुमचा आहे. तुम्हाला कळलं नाही?"

कळलं होतं. शनिवारी संध्याकाळी बघताक्षणीच कळलं होतं. तीन रविवार पावसात गेले होते आणि मला चढायचंच होतं. म्हटलं, ऊन तर पडलंय, निभावेल. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मी वॉचमनला झटकलं आणि प्रज्ञेशच्या पोटात लाथ घातली. तो गुडघ्यावर बसला.

तेवढ्यात आनंदची बहीण उत्कर्षा बाहेर आली, हातात त्याचं हेल्मेट. आनंद जगला, पाय गेले, एवढंच तिने सांगितलं. मग विचारलं, "चढायला हरकत नाही असं कोण म्हणालं?"

प्रज्ञेशने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे बोट केलं.

तिने हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. दात फुटला. तिने पुन्हा हात उचलला. वॉचमन तिला आवरायला पुढे झाला, तेव्हा मी त्याला धरून ठेवलं.