पाऊण किलोचं धाडस

रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्या दोन अटी होत्या. ते स्वस्त हवं आणि खिशात मावायला हवं. ते चालवायची हिंमत आपल्यात आहे का, ही तिसरी अट मला सुचलीच नाही.

मी मूल गावचा धानाचा दलाल. गेल्या भाऊबीजेला बायकोला, नीलिमाला, मोटारसायकलवर बसवून पोंभुर्ण्याला तिच्या माहेरी निघालो होतो. ऐन जंगलात गाडी बंद पडली. मी चावी काढून टाकीतलं पेट्रोल बघत होतो, तेवढ्यात झुडपातून रानडुकरीण निघाली आणि तिच्या मागे सहा पिलं. पुढचं मला आठवतं ते एकदम शंभर पावलं लांबून. मी धापा टाकत उभा, चावी माझ्या मुठीत आणि नीलिमा गाडीपाशी एकटी. डुकरिणीने तिच्याकडे पाहिलं आणि पिलांना घेऊन रस्ता ओलांडला. त्या दिवसापासून नीलिमा माहेरी एसटीने जायला लागली, माझ्या मागे बसेना.

हे मला फार लागलं. सरळ माफी मागायची सोडून मी तर्क लढवला, की पळपुट्या नवऱ्याच्या कमरेला हत्यार आलं की तो आपोआप शूर होत असावा.

नागपूरच्या एका दुकानदाराला फोन करकरून मी या विषयातला पंडित झालो. विदेशी आवाक्याबाहेर. देशी, आखूड नळीचं, सहा गोळ्यांचं त्यातल्या त्यात परवडेल. वजन पाऊण किलोच्या आसपास. मग मी पाऊण किलो एचएमटी तांदळाची पुडी बांधली आणि ती खिशात घालून सरावासाठी चार दिवस बाजार समितीत हिंडलो. पॅन्ट सारखी घसरायची, म्हणून एक हात कायम कमरेला. लोक माझ्या कंबरदुखीची चौकशी करू लागले आणि एकाने तर मालिशचं तेल आणून दिलं. दुकानदारही शेवटी वैतागून म्हणाला, आधी परवाना आणा, मग वजन विचारा.

अर्ज केला. शस्त्र कशासाठी हवं, या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पत्नीच्या संरक्षणासाठी’. चौकशीला ठाण्यातून प्रफुल नावाचा शिपाई घरी आला. चहा पिता पिता त्याने सांगितलं, की निवडणूक लागली की परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करायला लागू शकतं. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुका मी मनात मोजल्या. माझं रिव्हॉल्व्हर बरेच दिवस पोलिसांच्या संरक्षणात राहणार होतं, आणि मी माझ्या.

मग तो नीलिमाकडे वळला. ती दाराशी तांदूळ निवडत बसली होती, माझ्याच पुडीतला.

“वहिनी, भाऊले हत्यार काऊन पायजे?”

“त्या दिवशी यायच्या हातात चावी होती, त चावी घेऊन पळाले,” ती म्हणाली. “रिव्हॉल्व्हर देलं, त ते घेऊन पळतीन. मले डुकरीचं काई नाई वाटलं, भाऊ. मले वाटलं, मी एकटी आहो.”

प्रफुलने पेनाला टोपण लावलं आणि चहा न संपवताच निघाला. मला मान वर करवेना. वर्षभर जे बोलायचं टाळलं होतं, ते शेवटी बोललो.

“चुकलं माहं. लय भेलो होतो मी.”

“मीबी भेली होती,” ती सुपातून नजर न काढता म्हणाली. “पळाले याचं काई नाई. मले घेऊन पळाचं होतं.”

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घेतला. यंदाच्या भाऊबीजेला नीलिमा माझ्या मागे बसली. बसण्याआधी तिने गाडीच्या चावीला पोत्याची सुतळी बांधली आणि दुसरं टोक माझ्या कमरेवरून मागे घेऊन स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. मी किक मारली.