समुद्राचा एक चमचा

मामांच्या कारखान्यात उन्हात लावायचं क्रीम तयार व्हायचं, आणि त्यात म्हणे समुद्र असायचा. किती असायचा? दोनशे किलोच्या टाकीत एक चमचा. तो चमचा मामा स्वतःच्या हाताने ओतत, डोळे अर्धवट मिटून. आठ वर्षं भाची शेजारी उभी राहून हा सोहळा बघत आली होती, आणि दरवेळी हसू दाबून तिचे गाल दुखायचे. चमचाभर खारं पाणी कुणाचं वाईट करत नव्हतं. ऊन अडवायचं काम झिंकची पांढरी भुकटी निमूटपणे करायची, आणि ट्यूबवर चित्र मात्र लाटेचं.

भाची रसायनशास्त्र शिकलेली. बॅचच्या कागदावर तिची सही झाल्याशिवाय एकही खोकं फाटकाबाहेर पडत नसे.

मग मामांना एक जाहिरातवाला भेटला. भाचीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव फुगा ठेवलं. फुग्याने क्रीम बोटावर घेऊन नाक मुरडलं.

"तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसतं हे. आणि समुद्र फक्त एक चमचा? चाळीस टक्के घाला. सोबत डोंगरातल्या झऱ्याचं खनिज पाणी. पांढरी भुकटी निम्मी करा."

मामा हरभऱ्याच्या झाडावर चढले. दोन दिवसांत पाण्याची पिंपं आली.

"मामा, मिठाने हे क्रीम फुटतं," भाची म्हणाली. "घट्टपणा आणणारा पदार्थच ढिला पडतो."

"तू फार शिकलीस, तिथेच घोळ झाला," मामा म्हणाले आणि पिंप ओतायला लावलं. डोळे याही वेळी अर्धवट मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी टाकीत वर पाणी आणि खाली गाळ. शरम वाटायला हवी होती, पण फुगा खूश झाला. "वापरण्यापूर्वी हलवा, असं छापू. लोकांना लाटा आठवतील."

पहिली मागणी आली पोहण्याच्या वर्गाची. साठ पोरं, उघड्या तलावावर रोज दोन तास. भाचीने चाचणी घेतली. जुन्या क्रीमच्या मानाने नवं पाव भागसुद्धा ऊन अडवत नव्हतं. तिने तो कागद मामांपुढे ठेवला. मामांनी तो न वाचता खणात टाकला.

"उद्या फोटो काढायचेत. त्याआधी सही कर, नाहीतर दुसरी नोकरी बघ."

घरी आईने मामांचीच बाजू घेतली. "सख्खा मामा आहे. तुझ्या शिक्षणासाठी किती धावपळ केली त्याने. एका सहीने हात झिजणार आहे का तुझा?"

"माझा हात नाही झिजणार. पोरांच्या पाठी भाजतील."

भाची ठसक्यात बोलली खरी, पण नोकरी जाणार या भीतीने रात्री उशिरापर्यंत दुसऱ्या नोकऱ्यांच्या जाहिराती चाळत बसली.

फोटो कारखान्याच्या गच्चीवर होते, भर दुपारी. मामांनी उन्हात उभं राहून नवी ट्यूब छातीशी धरायची होती. भाची बॅचचा कागद घेऊन वर गेली, तर मामांनी तिला पाण्याच्या टाकीआड ओढलं आणि आवाज खाली आणला.

"पोरी, जुन्यातली एखादी ट्यूब आहे का गं? तासभर उभं राहायचंय. माझं टक्कल लगेच भाजतं, तुला माहीत आहे."

भाची त्यांच्याकडे बघतच राहिली. कालपासूनची भीती कुठल्या कुठे गेली आणि तिला नुसती किळस आली. या माणसाला सगळं ठाऊक होतं. तिने नवी ट्यूब उघडली, छापल्याप्रमाणे नीट हलवली आणि त्यांच्या तळहातावर पिळली.

"ही लावा, मामा. तासभर उन्हात उभे राहा. खाली आलात की लगेच सही करते."

पाणी मामांच्या बोटांमधून त्यांच्या बुटांवर गळलं.

"या ना साहेब, ऊन झकास आहे," तिकडून फुग्याने हाक मारली.

मामांनी उन्हाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. टकलाला ते क्रीम लावलं नाही आणि सावलीतून पाऊलही काढलं नाही.

भाचीने कागदावर स्वच्छ अक्षरात 'नापास' लिहिलं, खाली सही केली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. "आता तुमची."

फुगा पुन्हा हाका मारत होता. मामांनी ओला हात पँटला पुसला आणि टाकीच्या सावलीत उभ्याउभ्याच सही केली.