जीपची कुरकुर

वाडीच्या नाक्याजवळ रुपरावाचं गॅरेज होतं. ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे ठोकण्यातच त्याची उमर गेली होती. कन्हान नदीच्या वाळूत पोट घासू नये म्हणून खाप्याच्या चंपतरावांची जीप त्यानंच जादा पाटे घालून उंच करून दिली होती. तीच जीप घेऊन चंपतराव आले.

"कुरकुर करून राहिली, गा. डोकं उठलं माह्यं." बंपरवर पाय देऊन त्यांनी जीप हलवली. "ऐकलं?"

रुपरावानं मान डोलावली. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

चंपतराव बाजारात गेल्यावर त्यानं जीप हलवत पाट्यांना कान लावून पाहिला. जीप मुकीच. दुपारी बायको, प्रेमिला, डबा घेऊन आली.

"हे बंपर दाब वं जरा."

तिनं दाबलं. "अगं बाई, केवढी बोंबलते!" मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिचे हात थांबले. "तुम्हाले ऐकू नाही येत?"

तो गाडीखाली शिरला. एकेक जोड पाण्यानं भिजवू लागला; जोडातलं रबर ओलं झालं की आवाज घटकाभर थांबतो. दर वेळी तो वर बघे, ती बंपर दाबून खुणेनं सांगे, आहे अजून. मागच्या डाव्या शॅकलवर, पाटे गाडीला जोडणाऱ्या कडीवर, पाणी पडलं, तशी ती हात हलवून म्हणाली, "गेला."

शॅकलमधला रबरी बुश पिळवटून फाटला होता. गाडी उंच करताना शॅकल तिरपा बसला होता; काम त्याच्याच हातचं. त्यानं लांब शॅकल घालून नवा बुश बसवला. संध्याकाळी चंपतराव खुशीत गेले.

हात धुता धुता रुपरावानं विचारलं, "जयवंता दिवाळीत जाताना मोटारीतून काय म्हणाली होती?" सासरी गेलेली पोरगी त्यानंतर माहेरी आलीच नव्हती.

प्रेमिला कानाशी येऊन ओरडली, "संक्रांतीले न्यायले याल ना बाबा, म्हणे. तुम्ही हो म्हटलं. मी आठवण दिली, तवाही हो म्हटलं. पोर दारात बसून होती."

सकाळच्या मोटारीनं दोघं सावनेरला गेली.

"मले ऐकू येत नाही वं, पोरी," रुपराव दारातूनच म्हणाला.

जयवंता चुलीकडे तोंड करून, पाठमोरी, खूप वेळ बोलत राहिली. प्रेमिलानं डोळ्यांना पदर लावला. पोरगी काय बोलली, हे रुपरावानं कधीच विचारलं नाही.