चौकोनी कंसातला अनंता

धामणकर नाक्यावर कॉम्प्युटर क्लास चालवणारे केसरीनाथ सर स्वतःला भिवंडीतले पहिले सी प्लस प्लसवाले म्हणवत. उथळ पाण्याला खळखळाट फार. आमच्या लतीफशेठनी लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडसाठी त्यांच्याकडून प्रोग्राम लिहून घेतला, आणि तो चालवायचं माझ्या गळ्यात पडलं.

प्रोग्रामात ‘शेड’ नावाचं ऑब्जेक्ट होतं. शेडपुढे चौकोनी कंसात लूमचा नंबर टाकला की ॲरेतून, म्हणजे ओळीने मांडलेल्या यादीतून, यावं तसं कारागिराचं नाव येई. शेठ खूश! पण कंस ॲरेचा दिसला, तरी आत काय करायचं ते आपण लिहायचं असतं. सरांनी काय लिहिलं? ॲरेतली मोजणी शून्यापासून होते म्हणून एक वजा केला. तिथे त्यांची अक्कल संपली.

आमच्याकडे लूम भंगारात गेली तरी तिचा नंबर दुसरीला देत नसत. पाच नंबर कधीच गेली होती. चारशेजारी थेट सहा. सरांचा ॲरे मात्र मधली जागा न सोडता भरलेला. त्यामुळे सातवर सत्तारने विणलेला कापडाचा खराब ताका आला, मी सात टाकलं, की नाव येई आठवरच्या अनंताचं.

अनंता शपथा घेत राहिला. शेठ सगळ्या शेडसमोर म्हणाले, “कॉम्प्युटर झूठ बोलत न्हाय,” आणि त्याला काढलं. मला तेव्हाच संशय आला. प्रोग्राम उघडला तर चूक समोर उताणी पडलेली.

मी सरांना बोलावून दाखवलं. “नंबर म्हणजे रांगेतली जागा नव्हे, सर. कंसात आलेला नंबर लूमवरच्या नंबराशी जुळवून बघायचा. चार ओळींचं काम आहे.”

“शमीम, माझ्या कोडमध्ये चूक नसते. तुमची शेडच चुकीची आहे,” सर म्हणाले. या माणसाकडे पोरं शिकायला जातात!

शेठनी दोघांचं ऐकलं आणि डोकं लढवलं. “प्रोग्रामला हात लावू नको. रंग मंगाव, लूमवरचे नंबर बदल.”

सहाची पाच झाली, सातची सहा. कॉम्प्युटरवर सत्तारचं नाव बरोबर यायला लागलं आणि सरांना पेढे मिळाले. मला शिसारी आली. अनंताला परत बोलवा म्हटलं, तर शेठ म्हणाले, “त्याच्या लूमवर दुसरा बसवलाय. आता काय त्याला उठवू?”

निदान खरं कळावं म्हणून मी मानकोलीला अनंताच्या घरी गेले. प्रोग्रामातली चूक समजावून सांगितली. तो ताडकन उठला आणि बायकोकडे वळला.

“आयकलास ठकू? माजा कपडा बरा व्हता! मी लूमवर झोपा काडत नव्हतो!”

ठकुबाईच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं असावं. तिने मला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, “मंग बाय, शेठनी याला कामाव कवा बोलावलाय?”