ज्याची पेटी त्याच्या ओसरीवर

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे, पण माझी कीव करत बसू नका. भाते फाटलेत, काही पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, पाठीत उंदरांनी बिऱ्हाड थाटलंय. तरी मी ताठ उभी आहे. का, ते ऐका.

माझा जन्म अमेरिकेच्या उत्तरेकडच्या व्हरमाँटमधल्या कारखान्यातला. अक्रोडाचं अंग, पितळेच्या जिभा. दक्षिणेकडच्या जॉर्जियातल्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीचे गोरे मालक बर्डेट यांनी मला बायकोसाठी घेतलं. पुढे घरात पियानो आला आणि मी काळ्या लोकांच्या माउंट निबो चर्चला दान झाले. दानाची पितळी पट्टी मात्र माझ्या कपाळावर ठोकली: ‘श्री. बर्डेट यांजकडून’.

चर्चमध्ये मला ओडेसाबाई लाभल्या; तिथल्या रीतीने सगळे त्यांना सिस्टर ओडेसा म्हणत. लोकांची धुणी धुऊन बोटं भेगाळलेली, पण पट्टीवर पडली की लोण्यासारखी मऊ. रविवारी रेव्हरंड टोलिव्हर प्रवचनाला उभे राहत. आधी साधं बोलणं. मग शब्दांना हेलकावा येई, हेलकाव्यातून सूर फुटे, आणि ते श्वास घ्यायला थांबले की तेवढ्या फटीत ओडेसाबाई माझ्याकडून उत्तर देववीत. बाकांवरून हाक येई, “सांगा, रेव्हरंड, सांगा!” देव मला कुठे भेटला विचाराल, तर त्या फटीत.

दुसरं महायुद्ध संपलं. ओडेसाबाईंचा मुलगा क्लीओफस इटलीत लष्कराचे ट्रक चालवून घरी आला. त्याच वेळी निवडणूकही आली. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ज्या मतदानातच खरा निकाल लागे, तिथे काळ्यांना आजवर दारच बंद होतं. कोर्टाने ते उघडायला लावलं. क्लीओफस चर्चमध्ये लोकांना मत कसं द्यायचं ते शिकवू लागला. नमुन्याची मतपत्रिका तो माझ्याच झाकणावर पसरी.

“पोरा,” चर्चचे म्हातारे कारभारी डीकन पर्व्हिस कुरकुरले, “एवढी लढाई करून पोट भरलं नाही का तुझं?”

“लढाईनं भरलं, डीकन. मत द्यायचंच राहिलंय.”

बातमी जिनिंगपर्यंत पोचायला कितीसा वेळ? शनिवारी गाण्याची तालीम चालली असताना बर्डेट आत आले. चर्चमध्ये काढायची टोपी डोक्यावरच.

“काय गं ओडेसा, पेटी झकास वाजतेय.”

“देवाची कृपा, साहेब.”

“देवाची? कपाळावर नाव कुणाचं आहे बघ की! गाणी म्हणा, प्रार्थना करा, माझी ना नाही. पण मतांच्या गप्पा चालतात तिथे माझी पेटी राहणार नाही. उद्यापर्यंत काय ते ठरवा.”

ते गेले आणि एकच गलका झाला.

“पेटी गेली तर रेव्हरंडना साथ कोण देणार?” डीकन म्हणाले. “मत काय, एका दिवसाचं. पेटी वर्षभराच्या रविवारांची!”

क्लीओफसने आईकडे पाहिलं. आईचा जीव माझ्यात किती गुंतलाय हे तो जाणून होता. ओडेसाबाई माझ्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “दिलेलं परत मागतात, मागू देत. पण हिच्या बदल्यात माझी जीभ मागतात, डीकन. ती नाही मिळायची.”

“मग उद्या त्यांची माणसं येऊन ओढून नेतील हिला.”

“ओढून? इतकी वर्षं साथ केली हिनं. आपणच पोचवू. चांगले कपडे घालून या सगळे.”

रविवारी मला खेचरांच्या गाडीत चढवलं. मागे बायका ठेवणीतल्या टोप्या घालून, पुरुष कडक कॉलर लावून, आणि सगळे मोठ्याने गात. बर्डेटांच्या ओसरीवर मला उतरवून ओडेसाबाईंनी रुमालाने माझं झाकण पुसलं.

“ही तुमची पेटी, साहेब. बुधवारी आम्ही मताला जाणार.”

“आणि पुढच्या रविवारी साथीला काय?” बर्डेट हसले. “मांजर बसवणार?”

“इथून ऐकू येईल तुम्हाला,” ओडेसाबाई म्हणाल्या.

बुधवारी मतदानाच्या कचेरीच्या रस्त्याने ते सगळे माझ्यासमोरून गेले. दुपार कलंडली तरी परतेनात. बर्डेट ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. अखेर धूळ दिसली. बर्डेटांशी बोलण्याची सोय नव्हती, म्हणून डीकन पर्व्हिस रस्त्यावरून मलाच ओरडले, “अगं पेटे, दिलं! सगळ्यांनी दिलं! मीसुद्धा!”

त्याची किंमत मोजावी लागली. गोऱ्यांच्या घरची धुणी ओडेसाबाईंकडे येईनाशी झाली. पण त्या रविवारी कपाशीच्या शेतापलीकडून रेव्हरंडांचा सूर चढत आला. ते श्वासाला थांबले, आणि माझ्या जागी टाचा वाजल्या. लाकडी जमिनीवर साऱ्या मंडळींच्या टाचा, एका ठेक्यात! बर्डेट उठून आत गेले, खिडक्या लावून घेतल्या. उकाड्याचे दिवस होते, तरी.

नंतर माझ्यावर फुलांच्या कुंड्या ठेवल्या गेल्या, मग मी या पडवीत आले. माझ्याशिवाय त्यांचं अडलं नाही, याचाच मला ताठा आहे.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, भात्यांना ठिगळ लावा. कुणाला नको असतं? पण दानाच्या बदल्यात कुणी तुमचा आवाज मागितला, तर माझ्यासारखीलाही क्षणभर ठेवून घेऊ नका. गाडी जुंपा, चांगले कपडे घाला, आणि गात गात परत पोचवा.